मी खाल्लेलं निळं पुस्तक

मित्रांनो, माझ्या तोंडात डोकावताना जरा जपून. आता तिथे दात फारसे उरलेले नाहीत, आणि जे आहेत ते गंजले आहेत. पण एके काळी याच तोंडाने मी माणसाची दोन बोटं, एका कोटाची बाही आणि लाखो पुस्तकं खाल्ली आहेत. मी एक जुना पुस्तकखाऊ आहे. कागदपत्रांत माझं नाव भलतंच लांबलचक आहे, पण विस्कॉन्सिनमधल्या फॉक्स नदीकाठच्या आमच्या गावात मला सगळे ‘म्हातारा’ म्हणतात.

माझा जन्म ओहायोतल्या एका ओतशाळेत झाला. लोखंड वितळवलं, साच्यात ओतलं, निवल्यावर बडवलं, आणि माझ्या दोन रुळांवर मिळून चौऱ्याऐंशी दात बसवले. चालतो की नाही ते बघायला पहिला घास दिला तो टेलिफोनच्या डिरेक्टरीचा. एका अख्ख्या शहरातल्या माणसांची नावं मी चार घासांत संपवली. तेव्हाच कळलं, आपल्याला आयुष्यभर हेच करायचं आहे.

आमच्या नदीकाठी कागदाच्या गिरण्या आहेत. न खपलेली पुस्तकं देशभरातून ट्रक भरभरून माझ्याकडे येत. मी ती फाडायची, चिंध्यांचा गिरणीत लगदा व्हायचा, आणि लगद्याचा पुन्हा कोरा कागद. काम सरळ होतं, पण पोटाला सोसेल असं नव्हतं. एकदा इटालियन स्वयंपाकाची चाळीस हजार पुस्तकं खाल्ली, तर तीन दिवस मला लसणाचे ढेकर येत होते आणि गावातली मांजरं गोदामाच्या दारात पंगत धरून बसली होती. विनोदी पुस्तकं खाल्ली की माझे बोल्ट सैल होत. वजन उतरवण्याच्या पुस्तकांचा हंगाम आला तेव्हा मी स्वतः अर्धा इंच बारीक झालो. विश्वास बसत नसेल तर मोजून बघा.

माझा चालक लेस्टर ग्रुबा. पोटाने माझ्याइतकाच मोठा आणि बोलायला माझ्याहून खडबडीत. त्याचा हातमोजा एकदा माझ्या दातांत अडकला. मला न थांबवताच त्याने तो ओढून काढायला बघितला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि खरं सांगतो मित्रांनो, जाड पुठ्ठ्याहून तो मला काही वेगळा वाटला नाही. सरकत्या पट्ट्यावरून येईल ते चावायचं, एवढंच मला शिकवलं होतं. सहा आठवड्यांनी लेस्टर कामावर परतला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “म्हाताऱ्या, उरलेली आठ मला लागणार आहेत बरं का.” त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली. गिरणीचे मालक पाहुण्यांना मला दाखवत आणि म्हणत, “याच्या तोंडात गेलेलं परत कधी कुणी पाहिलेलं नाही.” मला त्याचा अभिमान वाटे.

मग ते निळं पुस्तक आलं.

पहिल्यांदा आलं ते उन्हाळ्यात, थोडंसंच. पक्कं पुस्तक बाजारात यायच्या चार-सहा महिने आधी प्रकाशक कच्च्या प्रती काढतात आणि ग्रंथपालांना, परीक्षणं लिहिणाऱ्यांना वाटतात. वर छापलेलं असतं, ‘कच्ची प्रत, मजकूर बदलू शकतो.’ वाटून उरलेल्या प्रती माझ्याकडे येतात. निळं पुस्तक पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्या बाई आमच्याच खोऱ्यातल्या शिक्षिका, व्हर्ना टेस्के. गोष्ट एका हमोंग मुलाची. लढाईनंतर लाओसच्या डोंगरांतून आलेली हमोंग माणसं आमच्याकडे चाळीसेक वर्षं राहतायत. तर शाळेतल्या कपडे बदलायच्या खोलीत हॉकीच्या संघातली तीन पोरं त्या मुलाला बडवतात, त्याचं तोंड बाकावर आपटतात. तो पोत्यासारखा पडून राहतो, आणि मग एक गोरा मुलगा येऊन त्याला सोडवतो. मी ते चावलं. पाण्यात भिजलेल्या पावासारखं लागलं. गिळलं आणि विसरलो.

नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होण्याच्या आदल्या दुपारी, तेच निळं पुस्तक पुन्हा आलं. या वेळी ट्रक भरून, सगळ्या पक्क्या प्रती. दुकानात एकही गेली नव्हती. सोबत न्यूयॉर्कहून एक माणूस आला, नील हॅस्किन्स. लांब राखाडी कोट, पातळ बूट, हातात एक कागद. पुस्तकाची शेवटची प्रत फाटेपर्यंत स्वतः उभं राहून बघायचं आणि ‘सर्व नष्ट झालं’ अशा दाखल्यावर सही करायची, यासाठी प्रकाशकाने त्याला धाडलं होतं.

“उद्या पहाटे मला हरणाची वाट बघत झाडावर बसायचंय, साहेब,” लेस्टर म्हणाला. त्याने शिकाऱ्याची नारिंगी टोपी आजच चढवली होती. “तेव्हा पटापट उरकू. पण या गरिबाने गुन्हा काय केला?”

“मारहाण आहे यात. आणि ती चुकीची लिहिलीय. एका पानाचा फोटो सगळीकडे फिरला, लोक दुखावले. कोवळ्या वयाची मुलं वाचणार, आपली काही नैतिक जबाबदारी असते.”

“उद्या आमची बारा वर्षांची पोरं बंदुका घेऊन रानात जाणार. हरणाचं पोट स्वतःच्या हाताने फाडणार. आणि पुस्तकातल्या नाकातून रक्त आलं तर झीट येऊन पडणार म्हणता?”

“तो प्रश्न वेगळा आहे.”

“असेल बुवा. मी फक्त बटण दाबतो.”

“मीसुद्धा फक्त दाखला आणलाय,” हॅस्किन्स म्हणाला.

लेस्टरने बटण दाबलं. पट्टा सरकला आणि निळे गठ्ठे माझ्या तोंडात पडू लागले. मी पाठी मोडल्या, पानं उभी चिरली, शिवण तोडली. दहाव्या-बाराव्या घासाला मी चमकलो. चव वेगळी होती! नाव तेच, निळा रंग तोच, पण त्या मारहाणीच्या प्रकरणाशी आलो की दातांना झिणझिण्या येत होत्या. तोंडात रक्त आल्यावर लागतं तसं काहीतरी खारट, लोखंडी लागत होतं. पण मला जीभ असली तरी वाचा कुठे होती? मी खात राहिलो. निम्मा ट्रक पोटात गेला.

तेवढ्यात एक गंजकी गाडी दारात कचकन थांबली आणि एक बारकीशी हमोंग तरुणी धावत आत आली. पा हुआ लोर तिचं नाव. पक्कं पुस्तक छापण्याआधी वाचून, कुणाचं काय चुकीचं लिहिलंय ते सांगायला प्रकाशकाने तिलाच नेमलं होतं. ती ओरडत होती, पण माझ्या आवाजात कुणाला काही ऐकू येईना. शेवटी तिने पट्ट्यावर झेप घेतली आणि एक गठ्ठा छातीशी धरला.

हॅस्किन्सने गठ्ठ्याचं दुसरं टोक पकडलं. “सोडा! कंपनीचा माल आहे हा!”

“हे ते पुस्तक नाहीये! उघडून बघितलंत का एकदा तरी?”

“मला बघायची गरज नाही. वकिलांनी बघितलंय.”

“त्यांनी फोटो बघितलाय! कच्च्या प्रतीचा! ते प्रकरण मीच बदलायला लावलं, टेस्केबाईंनी बदललं, तुम्ही छापलं! मेल्यांनो, स्वतः छापलेलं तरी वाचा!”

तिने त्याच्या नडगीवर लाथ घातली. त्याने तिला ढकललं, जोरात. तिचं तोंड माझ्या लोखंडी कडेवर आपटलं, ओठ फाटला आणि रक्त निळ्या मुखपृष्ठांवर टपटपलं. तो क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. तेवढ्यात त्याच्या लांब कोटाची बाही पट्ट्याच्या रुळात गुंतली आणि मी त्याला ओढू लागलो.

मित्रांनो, इथे मी तुमच्याशी थापा मारणार नाही. मला तो हवा होता. लोकर दातांत आली, मग बोटांची नखं पट्ट्याच्या रुळाला घासली, मनगटाची सालटी निघाली, आणि मला थांबावंसं मुळीच वाटलं नाही. तो किंचाळत होता. लेस्टर पलीकडे फोर्कलिफ्टवर होता, तिथून त्याचा हात पोचला नसता. पोचला तो पा हुआचा. रक्ताळलेल्या तोंडाने ती उठली आणि तिने पट्ट्यावर टांगलेली, मला थांबवायची लाल दोरी सर्व ताकदीने ओढली.

मी थांबलो. हॅस्किन्सच्या नखांत आणि माझ्या दातांत चार बोटांचं अंतर होतं.

लेस्टरने शिकारीचा सुरा काढून बाही खांद्यापासून कापली. “जिवंत आहात,” तो म्हणाला. “स्वस्तात सुटलात. मला दोन बोटं मोजावी लागली होती.” मग त्याने माझ्या विजेच्या खटक्याला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. लाल दोरी ओढली गेली की मला तपासून होईपर्यंत कुणी सुरू करायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तासभर तरी जातो.

तिघे पुस्तकांच्या खोक्यांवर बसले. लेस्टरने हरणाच्या मांसाचं सॉसेज कापून पुढे ठेवलं. पा हुआ ओठावर फडकं दाबून बसली होती. हॅस्किन्स सोललेलं मनगट छातीशी धरून बसला होता.

“तुम्ही दोरी का ओढलीत?” त्याने विचारलं.

“मग काय करू? हात खाऊ देऊ?” ती म्हणाली. तिने पट्ट्यावरून एक अर्धवट फाटलेलं पुस्तक उचलून त्याच्या मांडीवर टाकलं. “आता वाचा. नाहीतरी कुठे जाताय?”

तो वाचू लागला. एकाच हाताने पानं उलटायची होती, त्यामुळे वेळ लागला. या पुस्तकातही ती तीन पोरं होती, तो बाक होता, फुटलेलं नाक होतं. पण हा मुलगा पडून राहत नव्हता. तो उठतो. कपाटाचं पोलादी कुलूप उजव्या मुठीत धरतो आणि सगळ्यात मोठ्या पोराच्या जबड्यावर हाणतो. जबडा मोडतो, दोन दात फरशीवर उडतात. सोडवायला कुणीही येत नाही. मग तो मुलगा गुडघ्यांवर बसतो, रक्तातून ते दोन दात शोधतो, वहीच्या कागदात गुंडाळतो आणि ज्याला मारलं त्याच्या हातात देतो. त्यानंतर कोपऱ्यात जाऊन ओकतो. शाळा एकट्या त्यालाच काढून टाकते.

“ते दाताचं...” हॅस्किन्स म्हणाला, “ते तुम्ही रचलंत?”

“माझा थोरला भाऊ आहे तो. चेंग,” पा हुआ म्हणाली. “गावात सगळे त्याला म्हणतात, मार खाऊन शाळा सोडून पळाला. कच्च्या प्रतीत तेच लिहिलं होतं. पळाला नाही हो तो. आणि मारून खूशही झाला नाही. एवढंच एका पुस्तकात लिहिलं गेलं होतं. लोक त्या फोटोवर चिडले ते बरोबरच होतं, मी तर सगळ्यात आधी चिडले होते! म्हणून तर बदललं ना! आणि आता तेच फाडताय.”

हॅस्किन्सने फोन काढला आणि आपल्या वरिष्ठ बाईंना लावला. एकच हात धड होता म्हणून आवाज मोठा करून खोक्यावर ठेवला.

“संपलं का?” फोनमधून बाईंनी विचारलं.

“निम्मं. ऐका, घोळ झालाय. लोकांनी ज्यावरून दंगा केला ते पान पक्क्या पुस्तकात नाहीच. आपण बदललंय ते.”

“माहितेय मला.”

लेस्टरने तोंडातला घास चावायचा थांबवला.

“माहितेय?” हॅस्किन्सने विचारलं.

“परवाच कळलं. मग काय करू? चिडलेल्या लोकांना सांगू, की तुम्ही चुकीची प्रत वाचलीत? सबब सांगतायत म्हणतील. आपण माफी मागून मोकळे झालोय, नील. आता मागितलेली माफी परत घेऊ?”

“पण पुस्तक चांगलं आहे. म्हणजे, भयंकर आहे. पण खरं आहे.”

“असेल. वाचणार कोण आहे आता? दाब बटण. आणि फोन मशीनजवळ धर, मला आवाज ऐकू दे. म्हणजे मला वर सांगता येईल.”

लेस्टर उठला. त्याने मला तपासलं, कुलूप काढलं आणि दोन पावलं मागे सरला. “तीस वर्षं मीच दाबतोय,” तो म्हणाला. “आज नाही. या साहेब. हिरवं बटण आहे.”

हॅस्किन्स माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कोटाची एक बाही गेलेली, मनगटाला सालटं नाही.

“ऐकायचंय ना तुम्हाला?” तो फोनला म्हणाला. “ऐका.” आणि त्याने फोन पट्ट्यावर सगळ्या पुस्तकांच्या पुढे ठेवला आणि बटण दाबलं.

“अजून जवळ,” फोन म्हणाला. त्या बाईंचे माझ्या वाट्याला आलेले तेवढेच दोन शब्द. जरा कडवट लागले.

“अरे गाढवा, बॅटरी!” लेस्टर ओरडला.

आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा कागद फाडायच्या यंत्रात काडेपेटी किंवा बॅटरी टाकत नाही. न्यूयॉर्कच्या माणसाला कोण सांगणार? माझ्या दातांनी बॅटरी चिरली आणि पोटात पांढरा जाळ फुटला. आत हजारो पुस्तकांच्या सुक्या चिंध्या होत्या. आग माझ्या घशातून भडकली, पट्टा पेटला, तेल पेटलं. माझे रूळ वाकले. दात बंदुकीच्या गोळ्यांसारखे सुटू लागले. एक लेस्टरच्या टोपीतून आरपार गेला, एक छप्पर फोडून बाहेर पडला. लेस्टर शपथेवर सांगतो की तोच दात त्याला दुसऱ्या दिवशी सात मैलांवर, त्याच्या हरणाच्या मागच्या मांडीत सापडला, आणि गोळी त्याने झाडलीच नव्हती. मी त्याला खोटं पाडणार नाही.

लेस्टर पाण्याचा नळा घेऊन माझ्याशी झुंजत होता. आणि धुरात मला ते दोघे दिसत होते. मघाशी एकमेकांना लाथा-बुक्क्या घालणारे. फाटक्या ओठाची ती आणि सोललेल्या हाताचा तो, एकेक खोकं ओढत बर्फात फेकत होते. त्याचे केस होरपळले. तिच्या बुटाचा तळ वितळला. “अजून एक!” ती ओरडे आणि तो पुन्हा आत शिरे. छत कोसळायला लागलं तेव्हा लेस्टरने दोघांना मानगूट धरून बाहेर काढलं.

बंबवाले येईपर्यंत माझ्यातला जीव गेला होता. बाहेर बर्फात नऊ खोकी होती, कोपरे जळालेली.

हॅस्किन्सने खिशातून चुरगळलेला दाखला काढून गुडघ्यावर सरळ केला.

“काय लिहिणार?” पा हुआने विचारलं.

“सगळ्या प्रती नष्ट झाल्या. मी स्वतः पाहिलं.”

“खोटं आहे हे.”

“हो,” तो म्हणाला. “माझं आहे.” आणि त्याने खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. “ही पुस्तकं आता नाहीतच. म्हणजे कुणाची नाहीत. घेऊन जा.”

इतके महिने प्रत्येक जण आपापल्यापुरतं खरं बोलून हात झटकत होता. या एकाने खोटं लिहिलं आणि त्याखाली स्वतःचं नाव घातलं. चांगलं केलं की वाईट, ते तुम्ही ठरवा. मला तेवढी अक्कल नाही. पुढे त्याची नोकरी सुटली, असं लेस्टर म्हणतो.

मला ओढून गोदामाच्या मागे टाकलं. मालक आता पाहुण्यांना नवं यंत्र दाखवतात. माझ्या तोंडात चिमण्यांनी घरटं केलंय, आणि तुमच्यासारखी मुलं दगड मारून बघतात की दात पडतो का. मारा, माझी हरकत नाही. निळी पुस्तकं मात्र गावभर झाली. शुक्रवारी सगळं गाव जमतं त्या मासळीच्या जेवणाला, गोठलेल्या नदीवरच्या मासेमारीच्या झोपड्यांत, शाळेच्या बसमध्ये ती हातोहात फिरली. कुणी वाचून रडलं, कुणी म्हणालं हे मुलांना देऊ नये, कुणी टेस्केबाईंच्या दारात जाऊन भांडलं. पण ते सगळे वाचून भांडले.

वसंतात पा हुआ आली आणि लेस्टरशेजारी माझ्या पट्ट्यावर बसली.

“चेंगने वाचलं,” ती म्हणाली.

“मग? रडला?”

“छे! म्हणतो कसा, मी डाव्या हाताने हाणलं होतं, तू उजवा का लिहायला लावलास?”

लेस्टर खोकला येईपर्यंत हसला. “दुसऱ्याच्या चुका काढायची नोकरी तुझी, आणि हे?”

“हसू नका. माझीच चूक आहे, मलाच निस्तरायला पाहिजे.” तिने पिशवीतून पेन काढून दाखवलं. “दारोदार फिरतेय. एकशेबारा प्रती झाल्या.”

मित्रांनो, मी आयुष्यभर न वाचता खाल्लं, कारण मला अक्षर वाचणारे डोळे नव्हते. तुम्हाला आहेत. एखादं पुस्तक वाईट आहे म्हणून कुणी आरडाओरडा केला तर तुम्हीही करा, वाटल्यास पुस्तक भिंतीवर फेका. पण आधी उघडा, आणि कोणती प्रत हातात आहे तेही बघा. आणि तुमच्या घरी जळक्या कोपऱ्याचं निळं पुस्तक असेल, अन् ओठावर व्रण असलेली एक बारकीशी बाई पेन घेऊन दारात आली, तर तिला आत घ्या. पान एकशेएकेचाळीस काढून द्या. तिला एकच शब्द खोडायचा आहे.